न तापणारी गाडी

“चावी फिरवू नका!” मी रस्त्यावरूनच ओरडले.

लहानूभाऊंचा हात चावीवरच थांबला. बोरस्ते वकिलांच्या बंगल्यासमोर पांढरी गाडी रात्रभर उघड्यावर उभी होती. टपावर, काचांवर दव इतकं, की बोटानं नाव लिहावं. निफाडच्या बाजूची जानेवारीतली थंडी ज्यानं खाल्ली नाही त्याला काय सांगणार? लोखंडी पाना हातात धरला की तो हातच खातो.

“वहिनी, साहेबांना गाडी गरम करून लागते. मी रोज आधी चालू करून ठेवतो.”

“तेच नको. मला ती थंडच बघायचीय. बोनेट उघडा आधी.”

दुखणं असं होतं. सकाळी पहिल्यांदा चालू केली की गाडी हिव भरल्यासारखी थडथडायची. रेस आपोआप खाली बसायची, उठायची, परत बसायची. सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास. चांगली लांब पळाली की मग शहाण्यासारखी शांत. वकिलांनी ती नाशिकला एका मोठ्या वर्कशॉपात दाखवली. नाशिकपर्यंत पळून गेलेली गाडी तिथं कशाला थडथडेल? गाडीत काही दोष नाही, असं त्यांनी सांगितलं. आणि गाडीत दोष नाही म्हटल्यावर तो माणसात शोधायचा, ही आपल्याकडची रीतच आहे. त्यात थंडी पडल्यापासून गाडी पेट्रोलही जास्त खायला लागली होती.

कोर्टाच्या आवारात, दुपारच्या सुट्टीत, बाकीचे वकील आणि त्यांचे ड्रायव्हर चहा पीत असताना बोरस्ते वकील मोठ्यानं म्हणाले होते, “नाशिकवाले सांगतात गाडी ठणठणीत आहे. म्हणजे पेट्रोल गाडी पीत नाही. दुसरंच कोणीतरी पितंय.”

सगळे हसले. लहानू पगारे गाडीला टेकून उभे होते. त्या दिवसापासून आवारातले ड्रायव्हर त्यांना ‘टाकी’ म्हणायला लागले. काय टाकी, आज फुल्ल का? पुढच्या महिन्यापासून वकिलांकडे नवा माणूस येणार होता. आणि ज्याच्यावर पेट्रोलचा डाग पडला, त्या ड्रायव्हरच्या हातात आमच्या तालुक्यात दुसरं कोणी चावी देत नाही.

“मग आजच नोकरी का सोडत नाही?” मी त्यांना गॅरेजवर विचारलं होतं.

“आज सोडली तर ते खरं होईल ना, वहिनी. गाडीतच काहीतरी आहे. तुम्ही एकदा पहाटे येऊन बघा.”

म्हणून मी पहाटे आले होते.

माझ्याकडे का, तर दगू मिस्तरीची बायको म्हणून. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. दगू गेल्या पावसाळ्यात काविळीनं गेला. त्याच्या हयातीत मी त्याला पाने द्यायचे, इंजिनचे भाग धुवायचे आणि डोळे उघडे ठेवायचे. तो गेल्यावर दीर म्हणाले, गॅरेज विकून टाकू. मी म्हटलं, मग मी काय करू, तुमची भांडी घासू? दुसऱ्या दिवशी शटर वर केलं. बाई मिस्तरी बघून लोक हसले, पण गाड्या देत राहिले. पाटीवर ‘दगू मोटर गॅरेज’ होतं. ‘दगूच्या हाताखालची आहे’ एवढ्यावर माझी चूल पेटत होती.

लहानूभाऊंनी चावी फिरवली. गाडी लगेच चालू झाली आणि लगेच हलायला लागली. परत लावलेल्या बोनेटवर ठेवलेला माझा पाना घसरून खाली पडला. इंजिन एक ठोका खायचं, दोन द्यायचं, परत खायचं. मी मागं जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला. तळवा काळा झाला.

“ऐकलं ना?” लहानूभाऊ खिडकीतून म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता. गाडी आजारी असल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी आजवर दुसरा बघितलेला नाही.

आवाजानं वकील शाल गुंडाळून गच्चीत आले.

“काय हिराबाई, पहाटे पहाटे? काय म्हणतेय आमची गाडी?”

“खूप पेट्रोल चाललंय इंजिनात. प्लग काळे पडले असणार. ठेवून घ्यावी लागेल.”

“ठेव. पण एक सांगतो, ह्या गाडीत बिघाड नाही. उन्हाळ्यात कसाऱ्याच्या घाटात उकळली होती, तेव्हा दगूनं हात लावला. तेव्हापासून बघ, इंजिन तापल्याचा काटा कधी पावाच्या वर गेला नाही. माझी गाडी तापतच नाही! कोर्टातल्या सगळ्या वकिलांना मी सांगतो. असला मिस्तरी होणे नाही.”

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? नवऱ्याचं कौतुक वरच्या गच्चीतून का होईना, येत होतं.

गाडी गॅरेजवर आणली. वकिलांनी लहानूभाऊंना बरोबर पाठवलं, ‘नाहीतरी त्याला इथं काय काम आहे’ असं म्हणून. प्लग काढले. चारही काजळीनं माखलेले, पेट्रोलनं ओले. पण काजळी हा आजार नव्हे, ती आजाराची खूण. प्लग पुसून दिले तर गाडी आठवडाभर बरी चालणार आणि परत तेच. एवढी काजळी करतंय कोण, हे शोधायचं होतं.

हवेच्या नळ्या तपासल्या. कुठं फाटलेली नाही. थंडीत रेस सांभाळणारा भाग काढून धुतला. फरक नाही. मग मला इंजिनच्या पाण्यातल्या सेन्सरचा संशय आला. ह्या इंजेक्शनच्या गाड्यांत चोक ओढायची भानगड नसते. इंजिन थंड आहे की गरम, हे तो सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो. थंड म्हटला की कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, गरम म्हटला की आवरतो. सेन्सर खोटं बोलत असला, तर इंजिन तापलं तरी कॉम्प्युटर पेट्रोल ओततच राहणार.

मी सेन्सर काढला, चहाच्या भांड्यात पाणी घेतलं, स्टोव्हवर ठेवलं, सेन्सर त्यात बुडवून मीटर लावला.

“वहिनी, साखर टाका,” लहानूभाऊ म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांनी विनोद केला असावा, कारण स्वतःच दचकले.

पाणी तापत गेलं तसा मीटरचा आकडा नीट खाली येत गेला. सेन्सर चांगला होता.

“म्हणजे?” त्यांचा चेहरा उतरला. “गाडीत काही नाही?”

“म्हणजे सेन्सर खरं बोलतोय. इंजिन थंड आहे असं सांगतोय, तर ते थंडच असणार.”

हे माझं मलाच पटेना. पळून आलेलं इंजिन थंड कसं राहील?

सेन्सर परत बसवला, गाडी चालू केली आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या पाइपवर हात ठेवून उभी राहिले. चांगल्या गाडीत हा पाइप बराच वेळ गार असतो. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये पाण्याचं एक दार असतं, थर्मोस्टॅट म्हणतात त्याला. इंजिन थंड असेपर्यंत ते बंद, म्हणजे आतलं पाणी लवकर तापतं. तापलं की दार उघडतं आणि पाइपचा हाताला एकदम चटका बसतो. इथं पाइप पहिल्यापासूनच कोमट व्हायला लागला. हळूहळू, सगळं पाणी एकत्र, पुढाऱ्याच्या आश्वासनासारखं कोमटच.

दार उघडं होतं. किंवा नव्हतंच.

गाडी बंद केली. पाणी काढलं. थर्मोस्टॅटच्या झाकणाचे दोन बोल्ट सोडवायला पाना लावला आणि माझा हात तिथंच राहिला.

झाकणाच्या कडेनं लाल पेस्ट बाहेर आली होती. गळती होऊ नये म्हणून लावतात ती. ती वाळून रबरासारखी झाली होती आणि तिच्यावर अंगठा दाबल्याचा ठसा होता. एका बाजूनं चपटा. दगूचा उजवा अंगठा जॅकखाली सापडला होता, आमचं लग्न झालं त्याच वर्षी. तेव्हापासून तो एका बाजूनं चपटाच राहिला. कुंकू लावताना, भाकरी मोडताना मी तो अंगठा रोज बघितला होता. तो गेला त्याला सहा महिने होऊन गेले होते आणि इथं, बोरस्ते वकिलांच्या गाडीत, तो अजून दाबून बसला होता.

मी झाकण उघडलं. आत काही नव्हतं. नुसती पोकळी.

मला आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. मी त्याला कितीदा बघितलं होतं! गाडी उकळली म्हणून कोणी आलं, की दगूचा पहिला इलाज तोच. थर्मोस्टॅट काढायचा, फेकायचा. “आपल्याकडं काय बर्फ पडतो का? हे गोऱ्या लोकांचं खूळ आहे,” म्हणायचा. गिऱ्हाईक खूश, काटा खाली. दगूच काय, आमच्या सडकेवरचे सगळे मिस्तरी हेच करत. जुन्या गाड्यांना ते खपून जायचं. चोक ढकलला की जास्तीचं पेट्रोल बंद. पण ही गाडी तशी नव्हती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की इंजिन तापायचं दार दगूनं काढून टाकलंय. वकिलांचं घर ते कोर्ट, कोर्ट ते घर, एवढ्याशा पल्ल्यात ती कधी तापायचीच नाही. उन्हाळ्यात निभावलं. थंडी पडली तशी ती दिवसभर स्वतःला थंड समजत राहिली आणि पेट्रोल पीत राहिली. ज्या काट्याचा वकिलांना अभिमान, तो काटाच सगळं ओरडून सांगत होता.

“काय निघालं, वहिनी?”

मी झाकण त्यांच्या हातात दिलं. लहानूभाऊ वीस वर्षं गाडी चालवणारे, रिकामी जागा बघून त्यांना कळलं. लाल पेस्ट बघूनही कळलं असावं, कारण ती गाडी उन्हाळ्यात गॅरेजवर आणणारे तेच होते.

त्यांनी झाकण उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाले, “वहिनी, असं सांगू या की तो आतल्या आत मोडला. झिजला. पार्ट आहे, मोडू शकतो.”

“का?”

“दगूभाऊंचं नाव कशाला? गेलेला माणूस. आणि तुमचं सगळं त्यांच्या नावावर चाललंय. माझं काम तेवढ्यानंही होतं.”

मला इतका राग आला! त्यांचा नाही. ज्याला महिनाभर चारचौघांत टाकी म्हणून हिणवलं, तो मनुष्य माझ्या पाटीची काळजी करत उभा होता, आणि मी क्षणभर, अगदी खरोखर, ‘हो’ म्हणणार होते.

“मोडलेला पार्ट कुठंय, असं वकील विचारतील,” मी म्हटलं. “तो मनुष्य पुराव्यावर पोट भरतो. आणि त्यांनी न विचारलं तरी मी खोटं सांगणार नाही. झाकण द्या इकडं.”

पातं घेऊन मी लाल पेस्ट खरवडायला बसले. जुनी पेस्ट पूर्ण काढल्याशिवाय नवी बसत नाही. अंगठ्याचा भाग शेवटी ठेवला. मग तोही काढला.

नवा थर्मोस्टॅट बसवला, प्लग साफ केले आणि गाडी रात्रभर अंगणात दवात ठेवली. सकाळी लहानूभाऊंनी चावी फिरवली. रेस वर गेली, तिथं स्थिर राहिली आणि मग, कोणी हात न लावता, सावकाश खाली येऊन बसली. बोनेटवर पाना ठेवला. हलला नाही. थोड्या वेळानं वरच्या पाइपचा हाताला एकदम चटका बसला आणि आत काटा मधोमध आला.

“वहिनी, तापली!” लहानूभाऊ घाबरून चावीकडे गेले.

“तापू द्या,” मी म्हटलं. “तापायलाच पाहिजे.”

दुपारी आम्ही गाडी कोर्टात नेली. चहाची वेळ. बोरस्ते वकील झाडाखाली खुर्ची टाकून बसलेले, आजूबाजूला काळे कोट, पलीकडे ओट्यावर ड्रायव्हर मंडळी.

“झाली का गं?”

“झाली. काय निघालं ते इथंच सांगते. बोलणं इथंच झालं होतं ना.”

“अरे वा! हिराबाई वकिली करायला लागली.” लोक हसले.

मी सांगितलं. ओट्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. गाडीत थर्मोस्टॅट नव्हता. त्यामुळे ती तापत नव्हती, आणि तापत नव्हती म्हणून पेट्रोल पीत होती. थर्मोस्टॅट माझ्या नवऱ्यानं काढला होता. लहानू पगारेंनी पेट्रोलला हात लावलेला नाही.

वकिलांनी कप खाली ठेवला. क्षणभर विचार केला. मग चेहरा उजळला.

“थांब, थांब. म्हणजे माझं पेट्रोल दगूनं प्यायलं म्हण की! आता मेलेल्या माणसावर काय केस लावायची?”

परत हशा. आधीपेक्षा मोठा. आदल्या दिवशी ज्याच्यासारखा मिस्तरी होणार नव्हता, तो आज चेष्टेला लागला. माझी कानशिलं तापली.

“लावू नका केस. मी कबूलच करतेय. चूक त्याची. शिकला नाही म्हणून झाली. तो नाही, म्हणून मी बोलले, चारचौघांत, माझ्या तोंडानं. आता तुमची तुम्ही बोला.”

“माझी कसली चूक?”

“ह्यांना चोर म्हणालात.”

“मी?” वकिलांनी भुवया वर नेल्या. आवाज एकदम कोर्टातला झाला. “चोर हा शब्द मी उच्चारला? कोणी ऐकला?” त्यांनी सगळ्यांकडे सावकाश बघितलं. कोणी ऐकला नव्हता, कारण तो त्यांनी खरंच उच्चारला नव्हता. “लहानू, तू सांग. मी तुला कधी चोर म्हटलं?”

लहानूभाऊ गाडीजवळ उभे होते. “नाही, साहेब.”

“मग न म्हटलेला शब्द मी मागे कसा घेऊ, हिराबाई?” ते हसले. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता, हेच मला अजून सहन होत नाही. त्यांना खरंच वाटत होतं, की आपण कुणाचं काही केलेलं नाही. “हे बघ लहानू, झालं गेलं सोड. नव्या माणसाला मी नको म्हणून सांगतो. उद्यापासून तूच ये. दिवाळीला कपडे घेतो तुला. खूश?”

ओट्यावरच्या एकानं मान डोलावली. प्रकरण मिटलं, अशी सगळ्यांनी हालचाल केली. मलाही वाटलं, घेतील. घ्यायलाच पाहिजे, घरी माणसं आहेत.

लहानूभाऊ पुढं आले. चावी त्यांनी वकिलांच्या कपाशेजारी ठेवली.

“साहेब, तुम्ही मला काही म्हटलं नाही. मीपण तुम्हाला काही म्हणत नाही. पण उद्या मी येणार नाही.”

“अरे, मग हे सगळं करून तुला मिळालं काय?”

तेवढ्यात आतून शिपायानं पुकारा केला. वकिलांनी गळ्याची पांढरी पट्टी सारखी केली आणि गेले. ‘माझं चुकलं’ हे वाक्य त्यांनी त्या दिवशी म्हटलं नाही आणि नंतरही कधी म्हटलं नाही.

पुढं व्हायचं ते झालं. दीर घरी येऊन बोलून गेले, नवऱ्याला चव्हाट्यावर मांडणारी बाई म्हणून. काही गिऱ्हाईकं तुटली. काही भांडायला आली, माझ्या गाडीतलाही काढलाय का म्हणून. काढलेलाच असायचा. तो सगळा हिवाळा मी दगूनं काढलेले थर्मोस्टॅट परत बसवण्यात घालवला. लहानूभाऊंना आवारातल्या एकाही वकिलानं ठेवलं नाही. पेट्रोलचा डाग गेला होता, पण आता ते तोंड वर करून बोलणारे झाले होते, तो डाग त्याहून मोठा. उन्हाळ्यात ते पिंपळगावला एका द्राक्षाच्या टेम्पोवर लागले.

पण माझ्या लक्षात राहिलंय ते त्याच दुपारचं. कोर्टाच्या फाटकातून आम्ही चालत बाहेर पडलो. गाडी तिथंच राहिली होती. मी धुसफुसत होते.

“निदान नोकरी तरी घ्यायची होती, लहानूभाऊ. काय विचारत होते ते खोटं होतं का? काय मिळालं?”

ते रस्त्याच्या मधोमध थांबले.

“वहिनी, तुम्हाला सांगतो, कुणाला बोलू नका. मला वाटायला लागलं होतं, मीच काढतोय.”

“काय?”

“पेट्रोल. नाशिकवाले म्हणाले गाडीत काही नाही. साहेब शिकलेले. सगळे म्हणतात तर काहीतरी असेल. झोपेत उठून काढतोय का, असं व्हायचं. डोकं फिरल्यासारखं. घरी गेल्यावर बायकोच्या नकळत हात हुंगायचो. कधी कधी यायचा वास. खरंच यायचा.” त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले. “आता बघा. येतो का?”

मागं फाटकात काळे कोट उभे होते. ओट्यावरचे सगळे ड्रायव्हर आमच्याकडे बघत होते. भर दुपारी, भर रस्त्यात, एका परपुरुषानं विधवा बाईपुढं हात धरलेले, आणि तोही पगारे, गावकुसापलीकडच्या वस्तीतला. आमच्या गावात याचं काय होतं ते मला माहीत होतं.

मी त्यांचे हात हातात घेतले, तोंडाजवळ आणले आणि नीट, वेळ घेऊन हुंगले.

“नाही,” मी म्हटलं. “साबणाचा येतोय.”